माऊलीनं गॅस बंद करायला लावला

संज्या ऑस्ट्रेलियाहून परत आला ना, तेव्हा वाकडला त्याच्या घरी आम्ही वाइन चाखायला बसलो होतो. एक बाटली फ्रान्सची, एक तिकडची. "लगेच प्यायची नाही राव, आधी वास घ्यायचा," संज्या म्हणाला.

फ्रेंच वाइनमध्ये कुणाला पेरूचा वास आला, कुणाला ओल्या खडूचा. मग ऑस्ट्रेलियाची ओतली. आमचा माऊली चाकणच्या कारखान्यात गाड्यांच्या पेट्रोल टाक्यांची गळती तपासतो. त्यानं ग्लास नाकाशी नेला आणि उठून थेट स्वयंपाकघर गाठलं. तिथं संज्याची बायको पापड तळायला घेत होती.

"वहिनी, आधी गॅस बंद करा. पेट्रोल हाय!"

आम्ही पोट धरून हसलो. "भावा, शिफ्ट संपली तुझी!"

पण मला काही राहवेना. मोबाइलवर शोधलं, तर बाटलीवर लिहिलेल्या जातीच्या द्राक्षांची वाइन मुरली की तिला खरंच पेट्रोलसारखा वास येतो म्हणे, आणि जाणकार त्यावरच खूश असतात. सगळ्यांनी परत ग्लासात नाकं खुपसली. अरे, खरंच की!

वहिनी झारा घेऊन दारात उभ्या. "मग पापड तळू का नको?"

"थांबा," म्हणत माऊलीनं ग्लास एका दमात संपवला. "टाकी रिकामी झाली. आता पेटवा."