दातात धरायचा खडा

स्क्रू हलतोय म्हणजे काय — तुम्ही तोंडात घालायच्या आरशाच्या दांड्यानं दातावर ठोकलंत, कान दिलात आणि ठरवून मोकळ्या झालात, असंच ना? वा, सोलमाज खानुम! बाजारात कलिंगड असंच घेतात. बसा, उठू नका, गुलतेकिन चहा करतेय आत. मिठाईचा डबा घेऊन सहज भेटायला आल्याचं नाटक केलंत, आता चहा न पिता गेलात तर तिला संशय येईल. तर काय सांगत होतो — माझ्या बायकोचा, गुलतेकिनचा, जबडा मी कॉम्प्युटरमध्ये उभा केलाय. अख्खा. स्कॅनवरून त्याचे लाखो बारके तुकडे केले, प्रत्येकाला हाडाचा कठीणपणा दिला, मधे तुमचा तो इम्प्लांटचा स्क्रू बसवला आणि वरून चावण्याचा जोर टाकला. हलला? केसभरसुद्धा नाही! मग तुमचा दांडा खरा का माझं इंजिनिअरचं गणित? अख्ख्या तब्रीझमधले दातांचे डॉक्टर मला विचारतात, हाड भरलं का, कॅप बसवू का — आणि तुम्ही, काल पाटी लावलेल्या, मला शिकवणार!

हो, मीच म्हणालो होतो, लगेच कॅप बसवा. तुम्ही म्हणत होतात थांबा, हाड भरू दे. थांबा — तुमच्या धंद्यात दुसरं येतं काय? आं? हाड भरलंय हे कॉम्प्युटरनं कुठं दाखवलं? दाखवलं नाही, बाई, ते धरायचं असतं. हाड आणि स्क्रू पहिल्या दिवसापासून घट्ट चिकटलेत असं धरायचं, सगळेच धरतात, नाहीतर गणित सुटता सुटत नाही. हसताय काय? चिकटलंय असं आपणच कॉम्प्युटरला सांगायचं आणि मग त्यालाच विचारायचं हलतंय का, म्हणता? हो, तसंच केलं मी, त्यात काय — तुम्हाला नाही कळायचं ते.

आणि दुखतं म्हणाली? तुम्हाला? मला तर नाही म्हणाली. व्यवस्थित जेवते. कोफ्ता खाते, पाव भिजवून खाते — हां, अक्रोडाला हात लावत नाही. चहात साखर ढवळून पिते हल्ली. तुम्ही इथल्याच ना? मग सांगा, दातात साखरेचा खडा न धरता तब्रीझमध्ये चहा कोण पितं? मी चिडवलंही तिला — काय गं, तेहरानवाली झालीस काय? हसली. गालावर हात दाबून हसली. डाव्याच गालावर. तेव्हाच माझ्या मनात — ते जाऊ दे.

काय? इस्फहानचं तुम्हाला कुणी सांगितलं? आहे परिषद, तिच्याच जबड्याचं चित्र दाखवणार आहे मी पडद्यावर, मग? ... माझं भाषण होईपर्यंत स्क्रू काढू नका म्हणाली? वेडी आहे का ती! मी कधी बोललो असं? आणि तुम्ही ऐकून घेतलंत? हलता स्क्रू तसाच ठेवला तर भोवतालचं हाड झिजत जातं, पुढे दुसरा बसवायला हाडच उरत नाही, एवढंही — म्हणजे, हलत असला तर. हलत असला तर म्हणतोय मी! नाही हलत तो. चित्र बघायचंय? निळंशार आहे, जोर जास्त पडला की दिसतो तो लाल ठिपका कुठेच नाही. तुमच्यासारखीला चित्र काय कळणार म्हणा, तुमचं सगळं टकटक ठोकण्यात. आता चहा येईल, तिच्यासमोर तोंड मिटून बसा, एक खडा तुम्ही घ्या, एक मी घेतो, ती —

थांबा. बोलू नका.

चमचा वाजतोय ना आत? किती हळू ढवळतेय. मला ऐकू येऊ नये म्हणून.

उठा, सोलमाज खानुम. चहा राहू दे. सकाळी दवाखाना जरा लवकर उघडा, मी घेऊन येतो तिला. आता जा. जा म्हटलं ना!