पुढचा कोण?

तुरुंगात भेटीच्या खिडकीपुढे रांग लागली होती. भावाला भेटायला आलेल्या नर्सच्या पुढे एक गृहस्थ होते, त्यांच्या पुढे एक म्हातारी बाई. गृहस्थांचा पारा चढलेला होता.

"त्या बुद्धिबळवाल्यानं नादी लावलं हो माझ्या पोराला! एवढा जगज्जेता, गप खेळायचं सोडून मोर्चे कशाला काढायचे?"

"मतपेट्या पळवल्या म्हणून काढले," म्हातारी म्हणाली.

"त्याचं काय गेलं? तो विमानानं फिरतो, पोरं इथे सडतात."

"पोरांना धरलं तेव्हा तो परदेशात होता. सगळे म्हणाले, येऊ नकोस, उतरल्याउतरल्या धरतील. तरी स्पर्धा अर्धी टाकून आला. म्हणाला, माझ्या शब्दावर पोरं रस्त्यावर उतरली, आणि मी लाकडी घोडे नाचवत बसू?"

"तुम्हाला काय ठाऊक?"

"माझ्या पोटचा आहे तो."

तेवढ्यात कारकुनानं खिडकी उघडली.

"तुमच्या मुलाची भेट बंद, आजी. वरून हुकूम आहे. पुढचा!"

गृहस्थ जागचे हलले नाहीत.

"अहो, पुढचा!"

"अजून यांचाच नंबर आहे."

"मग तुमचीही भेट जाईल, सांगून ठेवतो."

"जाऊ दे. माझ्या पोराला म्हणावं, बाप रांगेत उभा आहे!"

कारकुनानं त्यांच्या खांद्यावरून नर्सला खुणावलं.

"तुम्ही या, सिस्टर."

"मी यांच्या मागे आहे," नर्स म्हणाली.