मागची सीट

तुम्ही सगळ्या विचारता ना, मी नवऱ्याच्या बाईकवर का बसत नाय? ऐका मग.

लग्न होऊन वरसे गावात आले तेव्हा आमच्या ह्यांच्याकडं डोंगरात फिरवायची एक छोटी बाईक होती. तिच्यावर मागं बसून मी पेणला माहेरी जायचे. पुढं ह्यांना तिचा जोर चढावर कमी वाटायला लागला. मोठा कार्बोरेटर बसवला, सायलेन्सर बदलला, चेनस्प्रॉकेट बदललं, तरी समाधान नाय. शेवटी गॅरेजवाला म्हणाला, "अजून जोर हवा तर वजन कमी कर." ह्यांनी मागची सीट काढली, मागचे फुटरेस्टसुद्धा काढून टाकले.

मी म्हटलं, "आणि मी कुठं बसू?"

"तू काय रोज बसतेस गो?"

गेल्या पावसाळ्यात सकाळीच भावाचा फोन आला. आईला पेणच्या दवाखान्यात नेलं होतं, लगेच ये म्हणाला. मी चपला घालून अंगणात आले, तर ह्यांनी बाईक सुरू केलेली.

"तू एसटीनं ये, मी पुढं होतो. आपल्यातलं कुणीतरी लवकर पोचायला हवं."

एसटी नागोठण्याला ट्रॅफिकमध्ये अडकली ती हलेचना. मी पोचले तेव्हा आईच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

हे दारातच उभे होते. म्हणाले, "बाईकनं अगदी वेळेत पोचवलं बघ मला. आई शुद्धीवर होत्या. सारख्या तुलाच विचारत होत्या."