कुठला बोस्कोलो?

— नाही, ते ड्रिल आधी खाली ठेव, ओरेस्ते. भिंत माझी आहे, वाचल्याशिवाय भोक पाडू द्यायची नाही मी. दगडावर काय कोरलंय ते वाच, मोठ्यानं वाच. ‘थोर गणिती फोर्तुनातो बोस्कोलो या घरात जन्मले.’ बरं. कुठला फोर्तुनातो बोस्कोलो? हसतोस काय — आमचं निम्मं कियोज्जा गाव बोस्कोलो, उरलेलं तिओझ्झो, आणि गावाचे संत फेलिचे नि फोर्तुनातो, म्हणजे पोरांची नावंही ठरलेलीच. म्हणून तर घराण्याचं टोपणनाव लागतं ना — पोस्टमनला लागतं, ओळखपत्रावर लागतं. तुला तरी तिओझ्झो म्हणून कोण ओळखतं? शिट्टीवाल्यांचा म्हटलं की झालं. तसे आम्ही मोएका. आजोबा खाडीतले कात टाकलेले मऊ खेकडे, मोएका, निवडायचे, बाबाही तेच करायचे, म्हणून आम्ही मोएका. आणि या दगडावर मोएका कुठंय? दाखव ना. नाहीच तर दाखवणार काय.

हा दगड लावणाऱ्या समितीच्या बाई म्हणतात, मावशी, जग त्यांना बोस्कोलो म्हणूनच ओळखतं. ओळखत असेल! जगात एक असेल, आमच्या गल्लीत तीन आहेत. हा समोरचा शिंपलेवाला बघ — तोही फोर्तुनातो बोस्कोलो, शाळेत बेरजेला रडायचा. परवाच्या उन्हाळ्यात जपानहून पोरी आल्या, बोस्कोलोचं प्रमेय, बोस्कोलोचं प्रमेय करत — बारवाल्यानं दिल्या त्याच्याकडे पाठवून. आणि त्यानं काय केलं? वाइन पाजली, गळ्यात हात टाकून फोटो काढले, वहीवर सही दिली मेल्यानं! माझा भाऊ, खरा फोर्तुनातो, आमचा नातो, तेव्हा इथंच, वर पलंगावर, चांगला जागा. मी तणतणत वर गेले तर म्हणतो, जाऊ दे गं, माझ्यापेक्षा बरं समजावलं असेल त्यानं. अशा माणसावर चिडायचं तरी कसं — पण मी चिडले. अजून चिडलेलीच आहे.

काय? समितीनं गाळलं? समिती कशाला गाळेल — त्यांच्याकडे त्याच्या सह्या आहेत, पुस्तकं आहेत, सगळीकडे नुसतं बोस्कोलोच. त्यानंच गाळलं. हो, त्यानंच. पादोव्याच्या विद्यापीठात पहिल्या दिवशी हजेरीला पूर्ण नाव पुकारलं, बोस्कोलो मोएका, आणि वर्ग हसला — झालं, त्या दिवसापासून कापून टाकलं. घरी येऊन बाबांना सांगितलंनही. बाबा खेकडे निवडत बसले. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी आज बोललेही नसते — ऐकायचंय तुला? बाबा गेले पादोव्याच्या इस्पितळात, गल्लीत कुणाला पत्ता नाही. भिंतींवर लावायचा मयताचा कागद छापून आणायचं काम नातोकडे, शिकलेला ना तो. त्यानं छापलं ‘फेलिचे बोस्कोलो’. बस, एवढंच. लोकांनी वाचलं, छातीवर क्रूस केला, कुठला तरी फेलिचे गेला म्हणाले आणि आपापल्या जाळ्यांकडे गेले. अख्खा जन्म ज्यानं या बाजारात काढला त्याच्या पेटीमागे आम्ही दोघं आणि पाद्री. चर्चमधली रिकामी बाकं अजून दिसतात मला. छापखान्यानं चूक केली असं सांगत आलेय मी सगळ्यांना — तुझ्या आईलासुद्धा. तू सांगू नकोस तिला.

पुढं नातोचं खूप नाव झालं. मोठमोठी पदकं मिळाली, ती मोज्यांच्या खणात पडलीत. आणि गेल्या हिवाळ्यात, घशाखाली सूपही उतरत नव्हतं तेव्हा, माझा हात धरून म्हणाला, “एर्सिलिया, माझ्या कागदावर मोएका घाल. मोठ्या अक्षरात.” घातलं मी. मासळीबाजार बंद ठेवला लोकांनी, रबरी बूट घालून तसेच आले सगळे, चर्चमध्ये मासळीचा वास सुटला होता आणि मी पहिल्यांदा पोटभर रडले.

तर आता कोर. नावापुढं जागा आहे की, वीतभर आहे. — समितीला विचारावं लागेल? मला नको सांगूस समितीचं. कोरणार की नाही? — नाही?

मग उचल तो दगड. शिंपलेवाल्याच्या भिंतीवर ठोक, नाव त्याचंही तेच आहे, जन्मलाही तिथंच. आणि जाताना दार ओढून घे, मांजर आत येतं.