पिवळ्या पाटाचं गाणं

सरका जवळ. आणि ऐका. हुंकार द्यायचा तर मोठ्यानं द्या. कोणता आवाज कोणाचा, ते मला कळलं पाहिजे. का, ते पुढं कळेल.

माझा गेनूमामा अंधार पडल्यावर बारवेच्या वाटेनं निघाला. एकटाच. खिशात फोन. आणि फोनात मेलेल्या बाईचं गाणं!

बाई कोण? हौसाअक्का. देवीची गाणी म्हणायची. तिच्या मागं ढोलकीला माझा मामा. तिचा नवरा सोनबा, माळावरच्या वस्तीत राहायचा. आणि नवऱ्याचं नाव घेईल ती हौसाअक्का कसली! सोनबा म्हणून 'सोनं'सुद्धा तोंडी येऊ द्यायची नाही. सोनाराच्या दुकानात जाऊन म्हणायची, "दादा, जरा पिवळं दाखवा." गाण्यातली देवी सोन्याच्या पाटावर बसायची, अक्का तिला पिवळ्या पाटावर बसवायची. हसू नका रे. ध्यानात ठेवा.

अक्का गेली. वर्ष सरतंय तोच शहरातल्या एका कंपनीचा माणूस आला. म्हणाला, "अक्कांचं जुनं गाणं सापडलंय. आता बाहेर काढतोय." मामाच्या फोनातही टाकून गेला. गावात दोन तट पडले. कोणी म्हणे, तीच. कोणी म्हणे, छे, आजकाल मशीनला मेलेल्या माणसाचा गळा शिकवता येतो. सोनबा अंथरुणाला खिळलेला. त्यानं मामाला निरोप धाडला, "गेनू, तू ऐक. गळा तिचा असला तर मला ऐकव. खोटा असला तर आणूच नको. मरताना कानात खोटं नको."

आता मामानं काय सांगावं? गाणं लावलं की पहिल्या कडव्यालाच डोळे भरायचे. बंद करायचा. पुढं ऐकवेचना. आवाज अक्काचा. वरच्या सुराआधी ती श्वास गिळायची, तोही तसाच. तरी मन हो म्हणेना. तिकडं सोनबाचा जीव खालीवर. शेवटी निघाला. म्हणाला, वाटेत ठरवीन.

मामी ओरडली, "अवं, बारवेकडनं जाऊ नगा!"

"जवळ पडतं गं!"

जवळ पडतं! ऐका आता.

बारवेपाशी आला. वारा पडला. रातकिडे गप्प. आणि मागून हाक. "गेनूऽऽ!"

मामा बोलला नाही. भूत तिसरी हाक मारत नाही, ठाऊक आहे ना? "गेनूऽऽ!" मामा दगडासारखा उभा. आणि तिसरी आली!

"गेनू! आरं, बहिरा झालास व्हय?"

अगदी अक्का! ढोलकी चुकली की हाच टोमणा मारायची. मामानं खिशाला हात लावला. फोन बंद. थंडगार. आणि तरी गाणं सुरू झालं! बारवेतून वर येतंय. पायरी पायरीनं. तोच सूर. तोच गिळलेला श्वास. वर आलं... काठावर आलं... कानाशी आलं.

"सांग की रं. माझाच गळा न्हवं?"

मामाच्या तोंडून निघून गेलं, "व्हय अक्का, तुझाच!"

अरे, काय बोलून बसला!

आवाज हसला. "मग मला घरला ने."

मामा चालला. मागं बांगड्या किणकिणतायत. वळून बघितलं नाही. पण खरं सांगू? भीती गेली होती. आनंद झाला होता त्याला. अक्काच ती! सोनबाच्या घरात शिरला, सवयीनं दार लावलं आणि म्हणाला, "सोनबा, खरा आहे आवाज! खरा!"

तेवढ्यात दाराबाहेरून, "सोनबाऽऽ!"

कूस बदलायला माणूस लागायचा सोनबाला. तो ताडकन उठून बसला. "हौसा आली!"

"सोनबाऽऽ, दार उघड!"

मधासारखा आवाज. सोनबा उठला. धडपडत दाराशी गेला. हात कडीवर! आणि मामाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जन्मभर 'अवं' म्हणणारी बाई ती!

"थांब सोनबा! हौसाअक्का तुझं नाव घेईल व्हय?"

मामानं त्याच्या कमरेला मिठी मारली, मागं ओढला. बाहेरचा आवाज रडला. मग चिडला. मग दार धडधडायला लागलं. कवाड वाकलं! बिजागरी कुरकुरली! मामा कवाडाला पाठ लावून उभा, देवीचा धावा करत. कोंबडा आरवला तेव्हा कुठं बाहेर गप्प झालं.

उजाडल्यावर सोनबा म्हणाला, "लाव ते गाणं. आता पुरतं लाव."

लावलं. पहिलं कडवं गेलं. दुसरं आलं. अक्काचाच आवाज, स्वच्छ...

"सोन्याच्या पाटावरी आई माझी बसली गं..."

"बंद कर," सोनबा म्हणाला. भिंतीकडं तोंड करून पडला. मग हळूच बोलला, "पर गेनू, माझं नाव किती ग्वाड घेतलं रं तिनं."

तेव्हापासून बारवेच्या वाटेवर बाभळीचे काटे टाकलेत. ते ओलांडू नका. केवढी का घाई असेना, त्या वाटेनं जाऊ नका. तिकडून ओळखीची हाक आली तर आवाजावर जाऊ नका रे. आवाज तर अगदी हुबेहूब असतो. त्या रात्रीपर्यंत बारवेतलीकडं तो गळा उसना होता. माझ्या मामानं 'तुझाच' म्हटलं, आणि तो तिचाच होऊन बसला.