सादाएचं फावडं

जपानमधल्या बर्फाळ योकोते शहरातल्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या मैत्रिणी बसल्या होत्या, सादाए आणि किनुयो.

"सादाए, ऐन थंडीत कंबर धरून बसलीस? बर्फ काढायला माणूस ठेवलास ना?"

"ठेवला की. होसोया. पानगळीत त्यानं बागेतली झुडपं बर्फानं मोडू नयेत म्हणून इतक्या हळुवारपणे बांधली, की तेव्हाच ठरवलं, बर्फालाही हाच."

"मग कंबर कशानं गेली?"

"तो सातला यायचा. मी पाचला उठून अंगण साफ करून ठेवायची."

"ते कशाला?"

"परका माणूस यायचा आणि दारात गुडघाभर बर्फ? बरं दिसतं का?"

"धन्य आहेस बाई! मग तो काय करायचा?"

"चहा प्यायचा, मुळ्याच्या लोणच्याबरोबर. चार दिवस असंच चाललं. काल जाताना माझं फावडंच घेऊन गेला. म्हणाला, 'आजी, मार्च लागला की आणून देतो.'"

"आगाऊच आहे मेला!"

"आहेच. पण आज आठपर्यंत झोपले गं. उठून बघते तर अंगण लख्ख."

"त्याचा नंबर दे. माझ्याकडे दोन फावडी आहेत."