काडीपेट्यांचा दरवान

आमच्या जैनथकडचा काडीपेट्यांचा कारखाना मोठ्या लढाईत काडतुसांचा होता. काडतुसं गेली, पण दरवान मारोतीकाका राहिले. काडतुसांच्या वेळच्या नियमाने कोणाचीही काडीपेटी ते अजूनही आत जाऊ देत नसत.

एकदा पैनगंगेला पूर आला आणि काडीपेट्यांचा माल घेऊन निघालेली बैलगाडी नदीवरूनच परत फाटकाशी आली. पाऊस तोंडावर होता. भिजला की माल वाया.

मॅनेजर म्हणाले, "काका, उघडा. आपलाच माल आहे."

"आपला व्हता, सायेब. आता भाईरून येऊन राह्यला."

शेवटी काकांनी सगळी खोकी फाटकाबाहेरच्या आपल्या खोलीत रचली आणि स्वतः पावसात बसले. मी छत्री धरली, तर हळूच म्हणाले, "बाबू, बिडी प्यावी वाटते. काडी हाय का?"

"खोलीत गाडीभर हायेत की, काका."

"ते कारखान्याचं हाय, बाबू."